चार गुण

कोल्हापूरच्या खासबागेत कुस्ती लागली की हौद्यापेक्षा भोवतालच्या उतरत्या बैठकींकडे बघावं. पैलवान पटात शिरला की तिथले खांदेही झुकतात, डाव फसला की शेकडो तोंडं एकदम पंचावर सुटतात. या माणसांना कुस्ती कळत नाही असं कोण म्हणेल? तरीही, आणि माझ्या मते त्यामुळेच, ते एकच डाव दोन तऱ्हांनी बघतात. जानेवारी २०२३मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या माती विभागात महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखला बाहेरची टांग मारली आणि पंचांनी चार गुण दिले. सिकंदरची पाठ खरंच धोक्याच्या स्थितीत आली होती का? तीच चित्रफीत थांबवून थांबवून पाहिली गेली. एकाला चार चोख दिसले, दुसऱ्याला चार म्हणजे उघड अन्याय. १९५१च्या प्रिन्स्टन-डार्टमथ फुटबॉल सामन्याची फिल्म हॅस्टॉर्फ आणि कॅन्ट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी दोन्ही विद्यापीठांच्या मुलांना दाखवली होती. डार्टमथच्या खेळाडूंची जेवढी धसमुसळी प्रिन्स्टनच्या मुलांनी मोजली, तिच्या निम्मीही डार्टमथच्या मुलांना दिसली नाही. मुलं खोटं बोलत नव्हती. त्यांना दिसलंच तेवढं.

कुणी म्हणेल, यात मानसशास्त्र कसलं, ही जात, धर्म नि जिल्ह्याची ओढ. त्या वादाला धर्माचा रंग चढला, हे खरंच. पण जिल्हा म्हणाल तर दोघेही सोलापूरचेच. कोल्हापूरने सिकंदरला आपला मानला तो गंगावेस तालमीमुळे. उत्तर प्रदेशातून आलेले दीनानाथ सिंह कोल्हापुरात घडले आणि १९६६मध्ये महाराष्ट्र केसरी झाले; तेव्हाही जन्मगाव कुणी आडवं घातलं नाही. एकाच मातीत घाम गाळला, एका वस्तादाचा मार खाल्ला, की परका आपला होतो. ही ओढ मला जातीपेक्षा पुष्कळ मोकळी वाटते, निर्दोष मात्र नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: जाणकार माणूस तरी निःपक्ष असेल ना? उलट, अडाण्याला नुसता आरडाओरडा करता येतो. जाणकाराला टांगेचा कोन, खांद्याचा स्पर्श, नियमाचं कलम सगळं हाताशी असतं, आणि ते तो आपल्याच पैलवानाच्या बाजूने वापरतो. २०२३च्याच नोव्हेंबरात फुलगावला सिकंदरने शिवराज राक्षेला हरवून महाराष्ट्र केसरीची गदा घेतली, तेव्हा ‘बघा, ते चार चुकीचेच होते’ असं छातीठोकपणे सांगणारे निघाले. नोव्हेंबरातल्या विजयाने जानेवारीतली पाठ कुठे होती हे कसं ठरतं, ते त्यांना विचारायचं धाडस मात्र कुणी करू नये.