जेसनचा बेस गेला कुठे?

मेटॅलिका या मेटल बँडच्या ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ या १९८८ सालच्या अल्बममधलं पहिलं गाणं, ‘ब्लॅकन्ड’, टेप उलटी फिरवून मिळवलेल्या गिटारच्या सुरांनी उघडतं. सूर चढत येतात आणि गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्डचा रिफ थाडकन सुरू होतो. चांगले हेडफोन लावून इथे फक्त खर्जाकडे कान द्यावा. किक ड्रमचा कोरडा, टकटकणारा ठोका स्वच्छ ऐकू येतो. गिटारचा जाड गुरगुराटही येतो. बेस मात्र नाही. पासष्ट मिनिटांच्या नऊ गाण्यांत तो क्वचितच हाताला लागतो. याच ‘ब्लॅकन्ड’च्या रचनाकारांत बेसवादक जेसन न्यूस्टेडचंही नाव आहे.

सप्टेंबर १९८६ मध्ये स्वीडनमध्ये बँडची बस उलटली आणि आधीचा बेसवादक क्लिफ बर्टन गेला. त्याच्या जागी न्यूस्टेड आला. त्याचा बँडबरोबरचा हा पहिला पूर्ण अल्बम.

लॉस एंजेलिसच्या वन ऑन वन स्टुडिओत १९८८च्या जानेवारीत काम सुरू झालं. सुरुवातीला निर्माता माइक क्लिंक होता, पण सूर जुळले नाहीत. मग ‘राइड द लाइटनिंग’ आणि ‘मास्टर ऑफ पपेट्स’ घडवणाऱ्या फ्लेमिंग रासमुसेनला डेन्मार्कहून बोलावलं गेलं. गाणी अवघड होती: मात्रा मध्येच बदलतात, एका गाण्यात रिफवर रिफ येत राहतात. अशा संगीतात गिटार आणि ड्रम यांचा प्रत्येक ठोका एकमेकांवर नेमका बसावा लागतो, आणि इथे तो बसलाही आहे. न्यूस्टेडने मात्र आपला भाग बाकीचे वादक आणि निर्माता समोर नसताना, केवळ साहाय्यक इंजिनिअरच्या सोबतीने वाजवला. तोही बहुतेक ठिकाणी गिटारचीच ओळ धरून.

अडचण तिथेच सुरू होते. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झच्या आसपास बोलते, बेसची त्याच्या निम्म्यावर, ४१ला. पण बेसचा स्वर ओळखू येतो तो त्याच्या वरच्या अंशस्वरांमुळे, आणि ते गिटारच्याच मुलखात येतात. हेटफिल्डने मधल्या पट्ट्या खाली ओढून खर्ज आणि तार चढवलेला गिटारचा आवाज थरावर थर चढवून ध्वनिमुद्रित केला होता. तीच ओळ बेस वाजवत असेल तर तो गिटारमध्येच विरघळतो. क्लिफ स्वतंत्र चाली घालायचा, म्हणून तो वेगळा ऐकू यायचा.

तरीही दोष निव्वळ ध्वनिशास्त्राचा नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या बेअर्सव्हिल स्टुडिओत मिक्सिंग करणाऱ्या स्टीव्ह थॉम्पसनने पुढे मुलाखतींत सांगितलं, की ड्रमवादक लार्स उलरिकने आधी बेस जेमतेम ऐकू येईल इतका उतरवायला सांगितला, आणि मग आणखी पाच-सहा डेसिबल. सहा डेसिबल म्हणजे सिग्नलची पातळी निम्मी. गेलेल्या मित्राचं दुःख या निर्णयात किती होतं, याचे तर्क अनेकांनी केले आहेत. पण नव्या माणसाच्या कामावर अन्याय झाला, एवढं टेपच सांगते. न्यूस्टेडचे ट्रॅक उत्तम होते, असं रासमुसेन सांगत आला.

या कोरडेपणाचं मोलही नाकारता येत नाही. ‘वन’च्या उत्तरार्धात किक ड्रमच्या फैरी मशिनगनसारख्या सुटतात, तेव्हा त्यांच्याभोवती मऊ गादी नसणं फार प्रभावी ठरतं. त्याच गाण्याला १९९०चं ग्रॅमी मिळालं. पण पावणेदहा मिनिटांचं शीर्षकगीत दौऱ्यात वाजवताना पुढच्या रांगांतली मंडळी जांभया देतात, हे बँडला दिसलं आणि ते अनेक वर्षं मंचावरून बाजूला पडलं. १९९१च्या पुढच्या अल्बममध्ये नवा निर्माता बॉब रॉकने बेस पुढे आणला, गाणी आखूड झाली.

‘गिटार हिरो: मेटॅलिका’ हा २००९चा व्हिडिओ गेम आला, त्यात ‘वन’ आणि ‘डायर्स ईव्ह’सारख्या गाण्यांचे वाद्यवार सुटे ट्रॅक होते. त्यांत न्यूस्टेडचा पिकने वाजवलेला, धारदार, गिटारला घट्ट चिकटून धावणारा बेस स्वच्छ ऐकू येतो. चाहत्यांनी तो वर आणून आपापली मिश्रणं केली. २०१८ साली अल्बम नव्याने मास्टर होऊन निघाला, तेव्हा बँडने मूळ मिक्सला हात लावला नाही.