झीज, घट आणि गळती

आपल्या गोंदियाकडच्या एखाद्या धानाच्या गिरणीत आपण कधी घटकाभर उभे राहिला आहात काय? भरडाईच्या यंत्रात दोन रबरी रूळ समोरासमोर फिरत असतात. एकाची गती दुसऱ्याहून जास्त असते आणि त्या फरकामुळेच दाण्यावर ओढ बसून तूस सुटते. पण तुसात वाळूच्याच जातीचे सिलिका नावाचे द्रव्य असते. तेव्हा दाणा सोलता सोलता रबरही सोलले जाते. मग गिरणीवाला म्हणतो, "रूळ झिजला." गोदामातले धान वाळून वजनाला कमी भरले, तर तो त्याला 'घट' म्हणतो, आणि पोत्याला भोक पडून दाणे सांडले, तर ती 'गळती'. तीन प्रकार, तीन शब्द. व्यवहारी माणूस त्यांची सरमिसळ करीत नाही, कारण प्रत्येकाचा इलाज निराळा.

इंग्रजीत मात्र यांतल्या पुष्कळ ठिकाणी 'अ‍ॅट्रिशन' हा एकच शब्द चालतो. तो मूळचा लॅटिन, अर्थ 'घासणे'. आपला 'झिजणे' संस्कृत 'क्षीयते'पासून, प्राकृत 'झिज्जइ'च्या वाटेने आला. म्हणजे झीज सांगणारा शब्दच झिजून आपल्यापर्यंत पोचला, बरे का!

आता हा शब्द शास्त्रात कसा वापरतात पाहा. वैनगंगेच्या पात्रातला गोटा गुळगुळीत का? पुरात गोट्यावर गोटा आपटतो, घासतो, कोपरे जातात. भूगोलवाले यालाच अ‍ॅट्रिशन म्हणतात. गोट्यांनी नदीचा तळ खरवडला, तर त्याला नाव दुसरे. दंतवैद्यही असाच काटेकोर. दातावर दात घासला तर हा शब्द. जात्याच्या पिठातल्या दगडाच्या कचीने दात झिजले, तर तो वापरीत नाही.

लष्करी लोकांनी हा शब्द उचलला तो १९१६ सालच्या व्हर्दूनच्या लढाईसारख्या प्रसंगांसाठी. तिथे जागा जिंकण्यापेक्षा शत्रूची माणसे संपविण्यावर भर होता. पण आपल्याला इतके दूर जायला नको. औरंगजेब १६८१ साली दक्षिणेकडे निघाला. १६८९ साली संभाजीराजांचा वध झाला, १६९८ साली जिंजी पडली, पुढे किल्ल्यामागून किल्ला त्याने घेतला. कागदावर पाहाल तर बादशहा जिंकतच होता. पण संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांच्या स्वारांनी त्याची रसद तोडली, तळ लुटले, फौजेला स्वस्थता म्हणून लाभू दिली नाही. बादशहा १७०७ साली अहमदनगरजवळ वारला; दिल्ली त्याला पुन्हा दिसली नाही. झिजविणे म्हणतात ते हे!

कचेरीतही हा शब्द आहे. माणसे निवृत्त होतात, जागा भरल्या जात नाहीत. कोणाला काढले नाही आणि तरी टेबले रिकामी.

आणि शाळा. तिथे अहवालात आपण 'गळती' लिहितो. हा शब्द मला खटकतो. पोते फाटले तर दोष दाण्याचा नसतो, हे एक. पण दुसरे असे की बहुतेक वेळी ती गळती नसतेच, झीज असते. रोवणीच्या दिवसांत आई बांधीत, म्हणून मुलगी धाकट्या भावाला सांभाळायला चार दिवस घरी राहते. परत येते तो वर्गात भागाकार सुरू झालेला. ती गप्प बसते. पुढे मोहफुले वेचण्याचे दिवस येतात, ते नेमके परीक्षेच्या तोंडावर. सालेकसा-देवरीकडच्या गोंडी बोलणाऱ्या मुलाचे आणखी एक घासणे असते. घरची भाषा वर्गात चालत नाही, वर्गातली नीट उमगत नाही. वापर तुटल्याने माणसाची पहिली भाषा त्याच्यापासून निसटते, त्यालाही भाषाशास्त्रज्ञ अ‍ॅट्रिशनच म्हणतात. २०११ च्या जनगणनेत गोंडी भाषिक सुमारे ३० लाख होते. पण गणती मोठी आहे म्हणून एका मुलाचे शब्द टिकतातच असे नाही.

गळती भोक पडल्यावर दिसते, झीज आधी मोजता येते. गुरुजी, गेल्या वर्षी नाव कमी झालेल्या एखाद्या मुलाची हजेरीपटावरची ओळ जुलैपासून वाचून पाहा. गैरहजेरीच्या खुणा आधी एकेक असतात, दिवाळीनंतर दोन-दोन, चार-चार, आणि मग सलग.