कॉफी घ्या, टोस्ट फुकट!

दोस्तांनो, हॉटेलात तुम्ही एक कप कॉफी मागवलीत आणि वेटरने कॉफीबरोबर लोणी लावलेला जाडजूड टोस्ट आणि उकडलेलं अंडंही आणून ठेवलं, तर काय म्हणाल? "अहो, हे आम्ही नाही मागवलं!" असंच ना? पण जपानमधल्या नागोया शहरात असं म्हणालात, तर तोच तुमच्याकडे नवलाने बघेल. तिथे सकाळी कॉफीबरोबर टोस्ट येतोच. आणि बिल? फक्त कॉफीचं!

नागोया म्हणजे तोक्यो आणि ओसाका यांच्या दरम्यान वसलेलं सुमारे २३ लाख वस्तीचं शहर. पर्यटक बहुधा बुलेट ट्रेनच्या खिडकीतून त्याला पाहतात आणि पुढे क्योतोला निघून जातात. आपण मात्र आज इथे उतरायचं आणि सकाळपासून रात्रीपर्यंत साध्यासुध्या हॉटेलांतून हिंडायचं. चला तर!

भाषा येत नाही? बोट दाखवा!

पहिली भीती हीच, की मागवायचं कसं? घाबरू नका. बऱ्याच हॉटेलांबाहेर काचेच्या कपाटात पदार्थ मांडलेले दिसतील. वाफाळत्या सूपपासून आइस्क्रीमपर्यंत सगळं काही! तोंडाला पाणी सुटेल, पण खाऊ नका हं. ते सगळं खोटं असतं, प्लॅस्टिकचं! नागोयाच्या उत्तरेला गुजो नावाचं गाव आहे. तिथल्या ताकिझो इवासाकी यांनी १९३२ साली ओसाकात मेणाचे असे पदार्थ बनवण्याचा धंदा सुरू केला. आजही हे गाव या कलेसाठी प्रसिद्ध आहे. तेव्हा वेटरला बाहेर न्या, बोट दाखवा, काम झालं.

सकाळ : पुरण लावलेला टोस्ट

आता जुन्या पद्धतीच्या कॉफीच्या दुकानात शिरू. याला म्हणतात 'किस्सातेन'. बसल्याबरोबर पाणी आणि हात पुसायला ओला रुमाल येतो. कॉफी साधारण पाचशे येनची, म्हणजे आपल्या पावणेतीनशे-तीनशे रुपयांची. टोस्ट-अंडं त्यातच. या प्रथेचं नाव 'मॉर्निंग'. बहुतेक ठिकाणी ती अकरा वाजेपर्यंत चालते.

ही प्रथा आली कुठून? नागोयाशेजारी इचिनोमिया नावाचं कापडगिरण्यांचं गाव आहे. १९५०च्या दशकात तिथे मागांची नुसती चलती होती. माग एकदा 'गाचा' वाजला, की दहा हजार येन मिळाले, असं लोक गमतीने म्हणत! पण त्या खडखडाटात बोलणार कसं? इचलकरंजी-मालेगावच्या मुलांना हे वेगळं सांगायला नको. मग गिरणीमालक व्यापाऱ्यांना घेऊन कॉफीच्या दुकानात जाऊन बसत. दिवसातून कितीतरी वेळा! दुकानदारांनाही वाटलं, रोजची गिऱ्हाइकं आहेत, काहीतरी द्यावं. म्हणून १९५६च्या सुमारास सकाळच्या कॉफीबरोबर उकडलेलं अंडं आणि शेंगदाणे देणं सुरू झालं, असं इचिनोमियाचे लोक सांगतात. पुढे टोस्ट आला.

इथला 'ओगुरा टोस्ट' तर चुकवूच नका. लाल चवळीसारखं दिसणारं अझुकी नावाचं कडधान्य साखर घालून शिजवतात आणि लोण्याच्या टोस्टवर थापतात. म्हणजे चक्क पुरण लावलेला टोस्ट! याचा शोध कुणी लावला असेल? तुमच्यासारख्याच विद्यार्थ्यांनी! साधारण शंभर वर्षांपूर्वी नागोयातल्या एका दुकानात काही विद्यार्थी अझुकीच्या गोड खिरीत टोस्ट बुडवून खात. ते मालकांनी पाहिलं आणि नवा पदार्थ तयार झाला, असं म्हणतात.

दुपार : फलाटावरच्या रिबिनी

दुपारी नागोया स्टेशनात चला. फलाटावरच नूडल्सची छोटी दुकानं आहेत. खुर्च्या नाहीत, उभ्यानेच खायचं. यंत्रात पैसे टाका, बटण दाबा, तिकीट काउंटरवर द्या. चपट्या, रिबिनीसारख्या नूडल्सचा वाडगा झटक्यात समोर येतो. या 'किशिमेन'. चपट्या असल्यामुळे त्या लवकर शिजतात. गाडी पकडायची घाई असलेल्यांना आणखी काय हवं! वर माशाच्या पातळ पापुद्र्यांची चिमूट टाकलेली असते. वाफेने ते पापुद्रे असे वळवळतात, की जिवंत आहेत असंच वाटतं!

खाताना 'सुर्रर्र' आवाज करायला हरकत नाही. इथे कुणी डोळे वटारणार नाही. नूडल्स ओढताना हवा आत जाते, त्यामुळे त्या निवतात आणि वासही छान येतो.

पण शाकाहारी दोस्तांनो, इथे सावध! वरचे पापुद्रे काढून टाकले म्हणजे झालं, असं नाही. सूपचं पाणीच माशाचं असतं. बोनिटो नावाचा मासा धूर देऊन लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवतात. मग तो रंध्यावर तासतात आणि ते पापुद्रे पाण्यात उकळतात. या पाण्याला 'दाशी' म्हणतात. "मांस-मासे नकोत" म्हटलं, तरी दाशी त्यात मोजतात हे कित्येकांच्या लक्षातच येत नाही. तेव्हा दाशीचं नाव घेऊनच विचारा. नाहीतर सरळ ओगुरा टोस्टकडे परत फिरा!

शाळा सुटल्यावर : चमचा की काटा?

चार वाजता नागोयाची मुलं कुठे जातात? बरीचशी 'सुगाकिया'त. १९४६ साली गोडाचं दुकान म्हणून सुरू झालेलं हे हॉटेल पुढे स्वस्त रामेन विकू लागलं. गंमत म्हणजे गरमागरम रामेन संपली, की तिथेच सॉफ्ट आइस्क्रीम! खायला एक अजब हत्यार मिळतं, चमचा आणि त्याच्याच टोकाला काटा. एकदा वापरून फेकायच्या लाकडी काड्या वाचाव्यात, म्हणून १९७८ साली हे बनवलं गेलं.

रात्र : जपानी वरणफळं आणि 'अमेरिकन' तिखट

रात्री मातीचं भांडं खदखदत समोर येतं. हा 'मिसो-निकोमी उदोन'. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला घट्ट लगदा. इथला काळपट 'हाच्चो' मिसो जवळच्या ओकाझाकी गावात लाकडी पिंपांत भरून, वर दगडांची रास रचून दोन वर्षांहून जास्त काळ मुरवतात. त्याच्या उकळत्या रश्शात जाड नूडल्स कच्च्याच सोडतात. अगदी आपल्या वरणफळांसारख्या! झाकणाला वाफेचं भोक नसतं. का? कारण झाकण उलटं धरून त्याचीच ताटली करायची!

तिखट हवंय? मग 'तैवान रामेन' मागवा. ही नागोयातल्या 'मिसेन' हॉटेलात १९७०च्या दशकात जन्मली. मालक मूळचे तैवानचे, म्हणून हे नाव. तिखट कमी हवं तर 'अमेरिकन' म्हणायचं आणि जास्त हवं तर 'इटालियन'! ही नावं आली कॉफीवरून. अमेरिकन कॉफी फिकी, इटालियन कडक!

भिंतीवरची तिकिटं

आता एक गोष्ट जरा गंभीरपणे ऐका. नागोयाच्या किस्सातेनमध्ये कॉफीच्या तिकिटांची पुस्तिका मिळते. दहा कपांच्या पैशांत अकरा तिकिटं. रोजचे गिऱ्हाईक ती घरी नेत नाहीत, नाव घालून दुकानातच भिंतीला लावून ठेवतात. आजोबा आले, की भिंतीवरचं एक तिकीट फाडायचं. दोन दिवस कुणाचं तिकीट फाटलं नाही, तर काउंटरमागच्या काकूंना चुकचुकल्यासारखं होतं. बरे आहेत ना ते?

१९८१ साली जपानभर दीड लाखांहून जास्त किस्सातेन होती. २०२१ साली ती साठ हजारांच्या आत आली. मालक म्हातारे झाले आणि पुढे चालवायला घरचं कुणी नाही. २०१३ साली तर कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानांतही शंभर येनमध्ये यंत्राची कॉफी मिळू लागली. 'मॉर्निंग'ची प्रथा तशी मरणार नाही. १९६८ साली नागोयात एका दुकानापासून सुरू झालेल्या 'कोमेदा'ने ती जपानभर नेली आहे. पण टोस्ट कुठेही मिळेल. आजोबा का आले नाहीत, हे विचारणाऱ्या काकू कुठे मिळणार?

म्हणून कधी नागोयाला गेलात, तर चकचकीत पाटी शोधू नका. मखमली खुर्च्यांचं, जुन्या घड्याळाचं एखादं किस्सातेन दिसलं, की दार ढकला. बसा, बोट दाखवा, खा. टिप ठेवू नका, तिथे तशी पद्धत नाही. निघताना काकूंकडे बघून मान लववा आणि म्हणा, "गोचिसोसामा!" म्हणजे, जेवण छान झालं, आभारी आहे. एवढा एक शब्द आला, तरी काकू खूश!