सिक्लिड मासे: नर-मादी ओळख आणि घरगुती टाकीतील प्रजनन

प्रस्तावना

दुकानातून 'एक नर, एक मादी' म्हणून आणलेले दोन मासे वर्षभर अंडी घालत नाहीत, किंवा घातलेली सर्व अंडी पांढरी पडतात. पाणी आणि आहार ठीक असूनही असे घडले, तर प्रथम जोडीबद्दलच शंका घ्यावी. सिक्लिड कुलात दीड हजारांहून अधिक जाती आहेत आणि नर-मादी ओळखण्याची एकच खूण सर्वांना लागू पडत नाही. कोणती खूण पाहायची, हे त्या जातीच्या पिल्ले सांभाळण्याच्या पद्धतीवरून बरेचसे समजते.

१. संगोपन आणि रूप

*एकट्या मादीचे संगोपन:* मलावी सरोवरातील अनेक जातींत मादी फलित अंडी सुमारे तीन आठवडे तोंडात सांभाळते. नर फलनानंतर मोकळा होतो आणि इतर माद्यांना आकर्षित करतो. अशा जातींत नर बहुधा वेगळा व उठावदार दिसतो. उदाहरणार्थ, केनयी सिक्लिडचा प्रौढ नर पिवळा, तर मादी निळसर असते. येथे एका नरामागे किमान तीन माद्या ठेवाव्यात, म्हणजे नराचा त्रास एकाच मादीला होत नाही.

*दोघांचे संगोपन:* एंजलफिश आणि आपल्याकडचा ऑरेंज क्रोमाइड यांत नर-मादी मिळून अंडी राखतात. दोघांचे काम जवळजवळ सारखे, तसे रूपही सारखे. याला अपवाद आहेत. कॉन्व्हिक्ट सिक्लिडमध्ये दोघेही पिल्ले सांभाळतात, तरी मादीच्या पोटावर नारिंगी झाक असते.

२. सारख्या दिसणाऱ्या जातींत ओळख

अंडी घालण्याच्या थोडे आधी गुदद्वारामागे एक छोटी नलिका बाहेर येते. नराची नलिका बारीक व टोकदार, तर मादीची रुंद व बोथट असते. इतर वेळी ही खूण दिसत नाही.

केवळ वागणुकीवर विसंबू नये. नर नसल्यास एंजलफिशच्या दोन माद्याही जोडी जमवतात, जागा साफ करतात आणि अंडी घालतात. फलन न झाल्याने ती अंडी एक-दोन दिवसांत अपारदर्शक पांढरी होतात व त्यांवर बुरशी येते. एखादी खेप वाया जाऊ शकते. मात्र प्रत्येक खेपेत सर्वच अंडी पांढरी पडत असतील, तर दोन्ही माद्या असण्याची शक्यता तपासावी.

३. ऑरेंज क्रोमाइडचे प्रजनन

भारतातील मूळच्या तीन सिक्लिड जातींपैकी ही सर्वांत लहान आहे. केरळात तिला 'पल्लत्ति' म्हणतात. ती गोड्या व मचूळ, दोन्ही पाण्यांत राहते.

१. सहा ते आठ लहान मासे एकत्र वाढवावेत आणि जोडी त्यांनाच जमवू द्यावी.
२. एक जोडी कोपरा अडवून इतरांना हाकलू लागली, की बाकीचे मासे दुसऱ्या टाकीत हलवावेत.
३. टाकीत बारीक वाळू, सपाट दगड किंवा आडवी ठेवलेली मातीची कुंडी असावी. तापमान २५ ते २८ अंश सेल्सिअस ठेवावे. पिल्ले ओढली जाऊ नयेत म्हणून स्पंज फिल्टर वापरावा.
४. अंडी दगडाला चिकटतात. आईबाप परांनी त्यांना वारा घालतात आणि खराब अंडी वेचून काढतात. अंडी फुटल्यावर पिल्ले वाळूतील खड्ड्यांत नेली जातात.
५. पोहू लागलेल्या पिल्लांना आर्टेमियाची नुकती निघालेली पिल्ले द्यावीत.

क्रोमाइडची पिल्ले आईबापांच्या अंगावरील श्लेष्माही टिपून खातात. त्यामुळे पालकांना घाईने वेगळे काढल्यास हा आहार तुटतो.

४. जास्तीच्या पिल्लांचे काय?

एका खेपेत शंभराहून अधिक पिल्ले मिळू शकतात. ती कोणाला द्यायची, हे आधी ठरवावे. नदी-तलावात मात्र सोडू नयेत. १९५२ मध्ये भारतात आणलेला मोझाम्बिक तिलापिया हाही सिक्लिडच. आज तो अनेक जलाशयांत पसरून स्थानिक माशांशी स्पर्धा करतो.

सारांश

प्रथम जातीची संगोपन-पद्धत पाहावी. रूपभेद असल्यास रंगावरून ओळखावे. नसल्यास गट वाढवावा, जोडी जमू द्यावी आणि नलिकेवरून खात्री करावी.

सरावासाठी प्रश्न

१. दोघे पालक संगोपन करतात त्या जातींत नर-मादी सारखे का दिसत असावेत?
२. एका एंजलफिश जोडीची सलग तीन खेपांची अंडी पांढरी पडली. कारण शोधण्यासाठी कोणती निरीक्षणे कराल?