वनस्पतियुक्त मत्स्यपेटी : पाण्याची निगा

दर पंधरवड्यास मत्स्यपेटी रिकामी करून वाळू व गोटे नळाखाली खळखळून धुणाऱ्या घरीच मासे वारंवार दगावतात, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. भाईंदर पूर्वेतील इंद्रलोकसारख्या सदनिकांच्या वसाहतीत, जेथे पेटीचे पाणी सर्वस्वी नळाचेच असते, तेथे याचा उलगडा होणे अगत्याचे आहे.

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले खाद्य कुजूनही तो निर्माण होतो. वाळूवर व गाळणीच्या स्पंजावर वसणारे जंतू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर बऱ्याच सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही दोन कामे दोन निरनिराळ्या जंतूंची, असे विनोग्राड्स्की यांच्या १८९० च्या सुमाराच्या संशोधनापासून मानले जाई. दोन्ही कामे एकटा करणारा जंतूही असतो, हे २०१५ साली सिद्ध झाले. नव्या पेटीत ही वस्ती स्थिरावण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन तिचा घात करतो, आणि धुऊन ‘स्वच्छ’ झालेल्या पेटीत अमोनिया साचू लागतो.

पाणवनस्पती येथे मोठा आधार देतात. आपल्या तळ्यांतून आपोआप वाढणाऱ्या हायड्रिला व व्हॅलिस्नेरिया अमोनिया थेट शोषून घेतात. मात्र त्यांचे वर्तन दिवसा एक व रात्री दुसरे असते. प्रकाशात त्या पाण्यातील कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात व पाण्याचा पी.एच. चढतो. २५ अंश सेल्सिअस तपमानास पी.एच. ७ असता एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी स्वरूपात असतो, पी.एच. ८ होताच तो पाच टक्क्यांवर जातो. रात्री वनस्पतीही माशांप्रमाणे प्राणवायूच घेतात. ३० अंशांच्या पाण्यात लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच प्राणवायू मावतो. म्हणून वैशाखात, दाट हिरव्या पेटीतील मासे पहाटे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडताना दिसतात. हवेचा पंप दिवसा बंद असला तरी चालेल. रात्री मात्र तो चालू हवाच. (पुष्कळ लोक आवाज नको म्हणून नेमके उलटे करतात!)

आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे, आणि स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच पिळावा. मीरा-भाईंदरला शहाड-टेमघर योजनेतून अनेक वर्षे मिळत आलेले पाणी उल्हास नदीचे, शुद्धीकरणात क्लोरीन घातलेले. ते एक दिवस उघड्या बादलीत ठेवावे किंवा त्यात किंचित हायपो घालावा. गच्चीच्या टाकीतून दुपारी येणारे तापलेले पाणी तसेच ओतू नये. दिवा सात-आठ तास पुरे. अधिक प्रकाशाने शेवाळच माजते.

छाटलेल्या फांद्या कुंडीतील मातीत पुराव्या, खाडीत अगर तलावात टाकू नयेत. दक्षिण अमेरिकेतील जलपर्णी शोभेसाठीच देशोदेशी नेली गेली, आणि ज्या उल्हास नदीचे पाणी या पेट्यांत येत आले, तिचे पात्रही त्या वनस्पतीने अनेकदा झाकून टाकले आहे.