लाटेला आवरणारा बल्ब

छत्रपती संभाजीनगरात इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा 1960 साली सुरू झालेल्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातला असो की विद्यापीठाच्या आवारातल्या नायलिटमधला, विन ब्रिज ऑसिलेटर त्याला चुकत नाही. 10 किलोओहमचे दोन रेझिस्टर, 0.01 मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर आणि 741 आयसी जोडला की सीआरओवर सुमारे 1.59 किलोहर्ट्झची साईन वेव्ह यायला हवी. वारंवारतेचं गणित सोपं आहे. कस लागतो तो आयाम स्थिर ठेवताना.

आरसीचं जाळं त्या वारंवारतेला सिग्नलचा तिसरा हिस्सा परत पाठवतं, म्हणून ॲम्प्लिफायरचा गेन बरोबर 3 हवा. 2.9 असेल तर लाट विरते, 3.1 असेल तर ती वाढत सप्लायच्या मर्यादेला भिडते आणि तिचे माथे सपाट होतात. ट्रिमपॉटने साधलेला 3 तापमान बदललं की ढळतो. गेनने स्वतःच स्वतःला सावरायला हवं.

1939 साली स्टॅनफर्डमध्ये विल्यम ह्यूलेट यांनी हे काम गेन ठरवणाऱ्या एका छोट्या बल्बकडून करून घेतलं. टंगस्टन तापलं की त्याचा रोध वाढतो. लाट मोठी झाली की फिलामेंट तापतं आणि गेन उतरतो. लाट खचली की उलट. खरी खुबी फिलामेंटच्या संथपणात आहे. एका आवर्तनात त्याचं तापमान जवळजवळ बदलत नाही, म्हणून लाटेचा आकार शाबूत राहतो. बल्बऐवजी डायोड लावले तर ते प्रत्येक माथ्यावर गेन बदलतात, त्याची किंमत डिस्टॉर्शनमध्ये मोजावी लागते. ह्यूलेट-पॅकार्डचं पहिलं उपकरण, 200ए, याच बल्बवर उभं राहिलं. डिस्नेने ‘फँटेशिया’साठी त्याची सुधारित आठ यंत्रं घेतली.

हाच संथपणा फार कमी वारंवारतेला नडतो: फिलामेंट प्रत्येक आवर्तनात तापतं-निवतं आणि लाट बिघडते. तिथे जेफेटचं सर्किट सरस, कारण त्यात आयाम मोजणाऱ्या फिल्टरचा वेग आपल्या हातात असतो. थर्मिस्टरही चालतो, पण त्याच्यावर खोलीच्या तापमानाचा परिणाम होतो. मराठवाड्याच्या मे महिन्यात ते विसरून चालणार नाही.

प्रयोगशाळेत बहुधा डायोडवर भागवलं जातं. शिक्षकांना विनंती आहे, शेजारी बल्बचंही सर्किट लावा. 28 व्होल्ट, 40 मिलिअँपिअरचा बल्ब घ्या. 741 ला थंड फिलामेंटचा करंट पेलत नाही, म्हणून आउटपुटला ट्रान्झिस्टरचा बफर द्या. दोन्ही लाटा विद्यार्थ्यांना एकाच पडद्यावर पाहू द्या.