रोधक रांग
रोधक रांग : संगणकाच्या एकाच आज्ञावलीत समांतर चालणाऱ्या धाग्यांमध्ये माहितीची सुरक्षित देवघेव करण्यासाठी वापरण्यात येणारी रांग. हिला ब्लॉकिंग क्यू असेही म्हणतात. रांग रिकामी असताना तीतून घटक काढू पाहणाऱ्या धाग्याला आणि रांग भरलेली असताना तीत घटक घालू पाहणाऱ्या धाग्याला परिस्थिती अनुकूल होईपर्यंत थांबवून ठेवणे, हे या रांगेचे व्यवच्छेदक लक्षण होय.

धागा किंवा थ्रेड म्हणजे आज्ञावलीतील आज्ञा क्रमाने पार पाडणारा एक स्वतंत्र प्रवाह. एका आज्ञावलीत असे अनेक धागे असू शकतात व ते सर्व एकाच स्मृतीचा वापर करतात. माहितीचे घटक तयार करणाऱ्या धाग्यास उत्पादक व ते घेऊन पुढील काम करणाऱ्या धाग्यास उपभोक्ता म्हणतात. उदा., एक धागा चकतीवरील नोंदी वाचतो व दुसरा त्यांवरून हिशेब करतो. दोघांचा वेग क्वचितच सारखा असतो. त्यामुळे दोघांच्या मध्ये तात्पुरत्या साठवणीची जागा ठेवावी लागते. अशा जागेला बफर म्हणतात.

गरज : साधी रांग या कामी पुरेशी पडत नाही. समजा, रांगेत ७ घटक असून दोन उत्पादक एकाच वेळी एकेक घटक घालू लागले. दोघांनीही ७ ही संख्या वाचली व दोघांनीही तिच्या जागी ८ लिहिले, तर प्रत्यक्षात ९ घटक असावयास हवे असताना नोंद ८ ची राहते व एक घटक नाहीसा होतो. असा दोष धाग्यांच्या गतीच्या योगायोगावर अवलंबून असल्याने चाचणीत तो हजार वेळा दिसत नाही आणि प्रत्यक्ष वापरात अचानक उद्भवतो. शिवाय रिकाम्या रांगेत काही आले का, हे उपभोक्ता पुन:पुन्हा तपासत राहिला, तर उपयुक्त काम न होता प्रक्रियकाचा वेळ खर्ची पडतो. रोधक रांगेत थांबलेला धागा निद्रिस्त असतो व जाग येईपर्यंत प्रक्रियकाचा वेळ घेत नाही.

रचना व कार्य : मर्यादित क्षमतेची रोधक रांग बहुधा चक्राकार वापरल्या जाणाऱ्या सारणीच्या रूपात असते. शेवटचा कप्पा भरल्यावर पुढील घटक पुन्हा पहिल्या मोकळ्या कप्प्यात जातो. रांगेला एक कुलूप असते व ते एका वेळी एकाच धाग्याला मिळते. कुलपाच्या जोडीला दोन प्रतीक्षास्थाने असतात : एक ‘रांग भरलेली नाही’ या स्थितीची वाट पाहणाऱ्या उत्पादकांसाठी आणि दुसरे ‘रांग रिकामी नाही’ या स्थितीची वाट पाहणाऱ्या उपभोक्त्यांसाठी. घटक घालून झाल्यावर उत्पादक एका उपभोक्त्यास जागे करतो. घटक काढून झाल्यावर उपभोक्ता एका उत्पादकास जागे करतो.

या व्यवहारात दोन गोष्टींना विशेष महत्त्व आहे. पहिली अशी की, कुलूप सोडणे व निद्रिस्त होणे या क्रिया अविभाज्य असाव्या लागतात. उपभोक्त्याने रांग रिकामी असल्याचे पाहिले आणि तो निद्रिस्त होण्यापूर्वीच उत्पादकाने घटक घालून जागे होण्याचा संकेत दिला, तर तो संकेत वाया जातो. मग रांगेत घटक असूनही उपभोक्ता निद्रिस्तच राहू शकतो. दुसरी गोष्ट म्हणजे जाग आलेल्या धाग्याने स्थिती पुन्हा तपासून पाहणे आवश्यक असते; कारण जाग येणे व कुलूप मिळणे यांमधील अवधीत तो घटक दुसऱ्याच उपभोक्त्याने उचललेला असू शकतो.

इतिहास : मर्यादित बफराचा हा प्रश्न डच संगणकशास्त्रज्ञ एट्सखर डाइक्स्ट्रा (१९३०–२००२) यांनी आइंटहोव्हेन येथे १९६५ मध्ये लिहिलेल्या टिपणात सेमाफोर या साधनाच्या साहाय्याने सोडवून दाखविला. सेमाफोर म्हणजे फक्त दोन अविभाज्य क्रियांनी कमी-अधिक करता येणारी संख्या. ती शून्य असताना कमी करू पाहणाऱ्यास थांबावे लागते. एक सेमाफोर मोकळ्या जागा मोजतो, दुसरा भरलेल्या जागा मोजतो व तिसरा कुलपाचे काम करतो. यांचा क्रम मात्र काटेकोरपणे पाळावा लागतो. उत्पादकाने आधी कुलूप मिळविले व नंतर तो मोकळ्या जागेची वाट पाहू लागला, तर जागा मोकळी करणाऱ्या उपभोक्त्यास कुलूप मिळत नाही आणि दोघेही कायमचे अडकून पडतात. या अवस्थेला डेडलॉक म्हणतात.

असे प्रमाद टाळण्यासाठी माहिती, कुलूप व प्रतीक्षास्थाने एकाच घटकात बंदिस्त करणारी मॉनिटर ही कल्पना पेर ब्रिंच हॅन्सन (१९७३) व सी. ए. आर. होअर (१९७४) यांनी मांडली. जागे झाल्यावर स्थिती पुन्हा तपासण्याचा नियम बटलर लॅम्पसन व डेव्हिड रेडेल यांनी मेसा या भाषेच्या अनुभवावरून १९८० मध्ये विशद केला. युनिक्स प्रणालीत १९७३ मध्ये आलेली पाइप ही सोयही याच तत्त्वावर चालते. मात्र ती धाग्यांऐवजी स्वतंत्र प्रक्रियांना जोडते. जावा भाषेच्या २००४ मधील पाचव्या आवृत्तीत डग ली यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या संचात रोधक रांगा तयार स्वरूपात मिळू लागल्या. त्यामुळे कुलपे व संकेत यांची जुळणी प्रत्येक आज्ञावलीकाराने नव्याने करण्याची गरज उरली नाही.

क्षमतेची निवड : रांग जितकी मोठी तितकी चांगली, असा समज होणे स्वाभाविक आहे, परंतु तो बरोबर नाही. समजा, उत्पादक सेकंदाला १०० घटक तयार करतो व उपभोक्ता ८० हाताळतो. दर सेकंदाला २० घटक शिल्लक राहतात. १,००० क्षमतेची रांग ५० सेकंदांत भरते. त्यानंतर उत्पादकाला थांबावे लागते व त्याचा सरासरी वेग आपोआप ८० वर येतो. क्षमता १० लाख केल्यास रांग भरण्यास सुमारे १४ तास लागतात, पण उपभोक्त्याचा वेग त्यामुळे वाढत नाही. उलट, पहिल्या रांगेच्या अखेरीस दाखल झालेल्या घटकाला १२·५ सेकंद वाट पाहावी लागते, तर दुसऱ्या रांगेत तीच प्रतीक्षा सुमारे साडेतीन तासांची होते. रांगेने वेगातील तात्पुरता चढउतार सामावून घेतला जातो. कायमची तफावत तिने भरून निघत नाही.

मर्यादाच नसलेल्या रांगेत उत्पादक कधीच थांबत नाही. तफावत मग स्मृती संपेपर्यंत लपून राहते व अखेरीस संपूर्ण आज्ञावली बंद पडते. जावामधील जोडयादीवर आधारलेल्या रोधक रांगेची क्षमता सांगितली नाही, तर ती २,१४,७४,८३,६४७ धरली जाते. म्हणजे व्यवहारात ती अमर्यादच असते. याच्या दुसऱ्या टोकाला शून्य क्षमतेची रांग असते. तीत काहीही साठत नाही. घेणारा समोर येईपर्यंत देणारा थांबतो.

वापरातील दक्षता : थांबणे सर्वत्र इष्ट नसते. पडद्यावरील चित्र अद्ययावत ठेवणारा धागा रोधक रांगेपाशी थांबला, तर वापरणाऱ्यास यंत्र गोठल्यासारखे वाटते. अशा ठिकाणी ठरावीक काळच वाट पाहणाऱ्या किंवा जागा नसल्यास लगेच नकार देणाऱ्या क्रिया वापरतात. नाकारलेल्या घटकाचे काय करावयाचे, हे मात्र आज्ञावलीकाराने आधी ठरवावे लागते. काम संपल्याची सूचना देण्याचीही योजना करावी लागते, अन्यथा उपभोक्ता रिकाम्या रांगेपाशी अनंत काळ थांबून राहील. त्यासाठी उत्पादक शेवटी समाप्तिदर्शक असा विशेष घटक रांगेत घालतो. एकच उत्पादक व अनेक उपभोक्ते असल्यास प्रत्येकासाठी एक याप्रमाणे असे घटक घालावे लागतात.